बाकी सगळ्यांना मुभा

औरंगाबाद, पैठण रोड
रविवार, २१ एप्रिल २०१३

सौ. मोनिकावहिनींना सोमनाथचा नमस्कार. बद्रीदादालाही सांगा. तुमची तब्येत बरी असेल, गोळ्या वेळेवर चालू असतील, असं धरून चालतो.

इकडं पाण्याचे हाल आहेत. आमच्या कॉलनीत घरं उभी राहिली, नळ काही आला नाही. टँकर चौथ्या दिवशी येतो. समोरच्या प्लॉटवर तरीही चार मजली बिल्डिंग चढतेय. तिला पाणी कुठून मिळतं कुणास ठाऊक.

हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली. आत्ताही मधेच उठून बादल्या भरून आलो. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी विषय बदलतो. मागच्या आठवड्यात तुमच्या कडुबाभाऊंचं नाव निघालं आणि मी लगेच पावसाचा अंदाज सांगायला लागलो.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. चितेगावच्या कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळतो. जुन्या मशीनवर युनिक्स नावाची प्रणाली होती. त्यात प्रत्येक फाईलला ठरवून द्यायचं की मालकानं काय करायचं, त्याच्या गटानं काय, आणि बाकी सगळ्यांनी काय. कामगारांच्या तपासणीचे रिपोर्ट फक्त डॉक्टरांनी उघडायचे, बाकी सगळ्यांना बंद, असं मीच लावलं होतं.

गेल्या ऑगस्टमध्ये ते मशीन जाऊन विंडोजचं आलं. त्यावर जुन्या कमांड चालाव्यात म्हणून मी एक प्रोग्राम टाकला, सगळे रिपोर्ट हलवले आणि नेहमीचीच कमांड दिली. काही तक्रार न करता ती परत आली. युनिक्सवर मशीन काही बोललं नाही म्हणजे काम झालं. मी जेवायला गेलो.

तिनं काहीच केलं नव्हतं. विंडोजचे हक्क वेगळ्या यादीत लावावे लागतात आणि त्या यादीत 'सगळे' तसेच होते. उघडून बघायला दहा सेकंद लागले असते.

सप्टेंबरात दादाला आमच्या कंपनीत कायम करण्याआधीची तपासणी झाली. डॉक्टरांनी 'कामास योग्य' असा शेरा दिला. एकच किडनी असल्याची नोंद आतल्या पानावर होती. दुसरी त्यानं तुम्हाला दिली, हे मलाही तोवर माहीत नव्हतं. सुपरवायझरनं मात्र आपल्या टेबलावरच्या मशीनवर ते पान वाचलं. पुढचं तुम्ही भोगलंय. एका किडनीवर किती दिवस ओढशील, असं त्यानं दादाला तोंडावर विचारलं आणि महिनाअखेर काम बंद केलं.

किडनीचं बाहेरच्यांत फक्त तुमच्या भावाला, कडुबाभाऊंना ठाऊक होतं. त्यांचा टेम्पो कंपनीत माल आणायचा, सुपरवायझरशी उठबस होती. म्हणून सगळ्यांचं बोट त्यांच्याकडंच गेलं.

वहिनी, आता जे लिहायचं ते लिहितो. दादाचं काम गेलं त्याच गुरुवारी मला शंका आली. क्लार्कच्या मशीनवरून मी त्याची फाईल उघडून पाहिली. पासवर्ड न विचारता उघडली. मी तासाभरात ते बंद केलं आणि कुणाला बोललो नाही. रविवारी तुमच्या खोलीवर दादा कडुबाभाऊंना नाही नाही ते बोलला, तेव्हा मला सगळं माहीत होतं. भाऊ उभेच होते. ते म्हणाले, "माझ्या बहिणीच्या जिवाची गोष्ट मी चौकात सांगीन व्हय?" मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चहा पीत राहिलो.

फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचं लग्न झालं. आत्या म्हणून तुम्ही गेला नाहीत. मी गेलो होतो. पंगतीत बसवेना मला, उठूनच आलो.

गेल्या बाजाराच्या दिवशी पाचोडला जाऊन त्यांना गाठलं. ते टेम्पोवर ताडपत्री बांधत होते. मी सांगत गेलो, ते दोर आवळत राहिले. शेवटी म्हणाले, "मला कशाला सांगतो? मी सांगितलं नाय, हे मला माहीतच व्हतं. ज्यांना माहीत नाय, त्यांना सांग." आणि गाडी चालू करून निघून गेले.

गुरुवारी मी मॅनेजरला सगळं लिहून दिलं. सुपरवायझरनं फाईल वाचल्याचं कबूल केलं. डॉक्टर म्हणाले, माझा शेरा आजही तोच आहे. सोमवारी, २९ तारखेला, दादाला भेटायला बोलावलंय. घेतीलच असं नाही, पण त्यानं यावं. माझ्याकडून मशीनचा ताबा काढून घेतलाय. सध्या स्टोअरमध्ये बसतो.

हे पत्र दादाला वाचून दाखवा. तो जे बोलेल ते मला मान्य आहे. कडुबाभाऊंना मात्र तुम्ही स्वतः फोन करा. माझ्या हातून आता कुठलाच निरोप नको.

अजून तरी तुम्ही ज्याला भाऊजी म्हणता,
तो सोमनाथ