कटकटताईचे पाच गुण

मंगळवार, ४

कालच्या नोंदीत एक चूक झाली. माझी जागा खिडकीजवळ आहे असं लिहिलं. ती खिडकी नाही, काचेमागे लावलेलं डोंगराचं चित्र आहे. शाळेत जाण्याआधी आत्यानं घरीच अक्षरं गिरवून घेतली, तेव्हाची तिची शिस्त: चुकलेलं खोडायचं नाही, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती लिहायची.

बाकी नव्या नोकरीत सगळं छान. कंपनी परदेशी बँकांची सॉफ्टवेअर सांभाळते. टीममध्ये अकरा जण. शेजारच्या टेस्टरला सगळे कटकटताई म्हणतात, कारण तिच्या नजरेतून एक चूक सुटत नाही. माझी दुरुस्त्यांची सवय पाहून तिनं पहिल्याच दिवशी माझं नाव मास्तरीणबाई ठेवलं. तिनं राजीनामा दिलाय. महिनाअखेरीला सुटणार आणि लेकीला रोज स्वतः शाळेत सोडणार.

शुक्रवार, ७

दर शुक्रवारी प्रत्येकानं कॉम्प्युटरवर समाधानपत्र भरायचं: नोकरीवर किती खूश, एक ते पाच. ती गोळा करणं माझं काम. ताई दर वेळी एक देते. शून्याची सोय नाही ना, म्हणते. आज लेकीला ताप, म्हणून ती रजेवर. मॅनेजर म्हणाले, ग्राहकाला कोरं पत्र चालत नाही, रजेवरच्यांचं आपणच भरतो, पाच टाक. शेराही त्यांनीच सांगितला: मला इथून कुठेही जायचं नाही. खोटं होतं. पण लिहिलं.

सोमवार, १०

ताई माझ्याआधी हजर. चेहरा शांत, हसरा, नुकता धुतल्यासारखा. राजीनामा मागे घेतला म्हणे. दिवसभरात एकही चूक काढली नाही. मी मुद्दाम दोन दाखवल्या, तर छान आहेत म्हणाली. तिच्या टेबलावरचा फोन वाजत राहिला, शेवटी मी उचलला. तिचा नवरा होता. शनिवारी सकाळी बाहेर पडली ती घरी आलेलीच नाही.

मंगळवार, ११

ताईचा नवरा लेकीला घेऊन ऑफिसच्या खाली आला; ताईला मी खाली नेलं. लेक धावत येऊन कमरेला बिलगली. ताईनं तिचे हात हळूच सोडवले आणि मला विचारलं, कुणाची गं ही, गोड आहे. मग म्हणाली, मला इथून कुठेही जायचं नाही. मी लिहिलेलंच, शब्दन्‌शब्द.

पत्र दुरुस्त करायला गेले. गेल्या आठवड्याचं बंद झालंय. नवं शुक्रवारी सकाळी नऊला उघडतं.

बुधवार, १२

मॅनेजरना सगळं सांगितलं. ते हसले — ताईसारखंच. त्यांचं पत्र कधी कुणी भरलं होतं, ते विचारायचा धीर झाला नाही.

दुपारी निरोप आला: मी दमलेली दिसते, शुक्रवारची रजा मंजूर. मी मागितलीच नव्हती. माझ्या पत्राची काळजी नको म्हणे. ताई भरेल.

गुरुवार, १३

रजा घेणार नाही. ताईच्या आधी मी पत्रं भरेन — तिच्या नावापुढे एक, मग माझ्या नावापुढेही एक — लेक आजही खाली येऊन बसली होती — माझा पास आता दाराला चालत नाही — कुणाच्या तरी मागोमाग शिरेन, पण जाणार. उद्या. शुक्रवारी, चौदा तारखेला, सकाळी नऊच्या ठोक्याला.