घरी बसायचा पगार

५ जून

चि. ठमीस, आजीचे अनेक आशीर्वाद.
पत्र शेजारच्या शिंपीणबाई लिहून देताहेत. चुकलं तर ते त्यांचं, बरोबर असेल ते माझं. अपंगांच्या राखीव जागेवर तुला कारखान्याच्या कचेरीत घेतलं, पगार सुरू झाला, आणि साहेब म्हणतात, कुबड्या घेऊन दोन मजले कशाला चढता, घरीच बसा! मला हे पचत नाही. एवढी माया तुझ्या आजोबांनीही कधी केली नाही. महिन्याला शिपाई सही न्यायला येतो म्हणतेस. कशावर गं? वाचलंस का? मी अंगठेबहाद्दर, पण दोघांकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवत नाही.
तुझी वाट पाहणारी,
आजी

१४ जून

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.
तुझं बोलणं लागलं, म्हणून या खेपेला वाचलं. ‘मी रोज कामावर असते. माझ्यासाठी जिन्याशेजारी उतार बांधला आहे. माझी तक्रार नाही.’ शिपाई म्हणाला, तीन महिने हेच तर लिहिलंय, आजच काय झालं? मी सही केली नाही. कागद ठेवून गेलाय. वीस तारखेला सरकारी तपासणी आहे, तोवर सही झाली नाही तर नाव कमी करतील म्हणे. दोन वर्षं अर्ज केल्यावर ही नोकरी मिळालीय. काय करू?
तुझी,
ठमी

१७ जून

चि. ठमीस, आशीर्वाद.
सही करू नकोस. वीसला कागद घेऊन जा, खाली दारातच बस. तपासणीवाले आले की म्हण, मला समजत नाही, मोठ्यानं वाचून दाखवा. अडाणी असण्याचा एवढाच एक फायदा, तो तुला उसना देते. शिंपीणबाई म्हणतात, पोरीची नोकरी जाईल. मी म्हटलं, घरी तर ती आत्ताही बसलीच आहे.
माया आहेच, ती सांगायला नको.
आजी

३० जून

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.
तपासणीला बाई आल्या होत्या. ‘उतार’पर्यंत वाचून थांबल्या आणि साहेबांना म्हणाल्या, चला, दाखवा. साहेब माझ्यावरच घसरले, पदवीधर ना तुम्ही, वाचता येत नाही? मी म्हटलं, पदवीधर म्हणून घेतलंत, तर काम द्या. बाईंनी तेही लिहून घेतलं.
आता तळमजल्यावर टपालाचं टेबल मिळालंय. साहेब बोलत नाहीत. काल चाळीस लखोटे नोंदवले. आजी, कामानं पाठ दुखली!
उतारासाठी दारात विटा येऊन पडल्यात. तुझीच नात, रोज सकाळी मोजते. आज बारा कमी भरल्या. विचारायला निघालेय.
लोभ ठेव, संशयही.
ठमी