आवाज बंद, चित्र चालू

ती. अक्का,

धाकट्याचा नमस्कार. (गुडघे जेवढं वाकू देतात तेवढा वाकून केला आहे, उरलेला समजून घे.) तुझी पाठ कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा कमरेला बांधतेस, की कपाटाच्या दाराला बांधला आहेस? आमच्याकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे नेमकं काय, तेच सांगायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर तू तुझं सगळं बोलून झालं की ‘बरं, ठेवते’ म्हणून ठेवतेस, आणि ही हकीकत मध्येच ठेवण्यासारखी नाही.

तुझ्या भावजयीचे कान गेली सहा वर्षं उतरणीला लागलेत, हे तुला ठाऊक आहे. (तू त्याला ‘सोयीचं बहिरेपण’ म्हणतेस. मीही एके काळी म्हणायचो, म्हणून तुला बोलत नाही.) कानातल्या यंत्राने आवाज येतो, शब्द येत नाहीत. भांडं पडलं हे कळतं, पण कुणी काय म्हटलं ते कळत नाही. म्हणून ती ओठ वाचायला शिकली. कुणी शिकवलं नाही; टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघत बसायची. मला वाटायचं, बातम्या ऐकवत नाहीत म्हणून असेल. आता समोर बसलेल्या माणसाशी तिचं छान चालतं, पण साध्या फोनला कुठे ओठ असतात? लेक जावयाबरोबर नोकरीसाठी लांब गेली, त्याला आठ महिने झाले. तिचा फोन आला की मी ऐकायचं आणि हिच्याकडे तोंड करून सांगायचं, अशी आमची पद्धत. लेक वीस मिनिटं बोलायची आणि माझ्याकडून हिच्यापर्यंत ‘बरी आहे, वेळेवर जेवते’ एवढंच पोचायचं. चौतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचलेल्या माणसाला आकडा सोडून बाकीचा मजकूर लक्षात राहत नाही, त्याला मी काय करू? एक दिवस ही म्हणाली, “तुम्ही मला तिचा सारांश देता. मला ती हवी आहे.”

मी उठून चपला घातल्या. चेहरा दिसणाऱ्या फोनला इंटरनेट लागतं, आणि आमच्या इमारतीत त्याची तार तिसऱ्या मजल्याच्या मागच्या अंगाला येत नाही. कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात एक चष्मेवाल्या बाई बसतात, त्यांनी साबणाच्या डबीएवढी एक डबी काढून दिली. तिच्यात सिमकार्ड घालायचं. डबी टॉवरकडून इंटरनेट ओढून घेते आणि घरातल्या फोनला वाटते, मध्ये तार नाही. हे मी लगेच समजलो. टॉवर म्हणजे टाकी आणि डबी म्हणजे नळ. गोंधळ झाला तो ‘प्रीपेड’ या शब्दाशी. आमच्या खात्यात माणूस आधी पाणी वापरायचा, मग मी जाऊन आकडा टिपायचो, मग तो माझ्याशी भांडायचा. इथे आधी बादली विकत घ्यायची, मग वापरायची. बादली संपली की संपली, भांडायला समोर कुणीच नाही. (ही सोय आहे की गैरसोय, हे माझं अजून ठरलेलं नाही.) आमच्या बादलीचे रोजचे वाटे आहेत. आजचा वाटा उरला तर उद्यात मिळवता येत नाही. आणि आजचाच संपला तर नळ बंद होत नाही, ठिबकायला लागतो. ठिबकत्या नळाखाली लेकीचा चेहरा भरत नाही. शिवाय यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. हे सांगताना बाईंची पापणी लवली नाही.

पहिल्याच दिवशी लेकीचा फोन यायच्या आत, सकाळी अकरालाच, दिवसाचा वाटा संपल्याचा निरोप आला. अक्का, गळती शोधण्यात माझी हयात गेली आहे. मी लगेच ओळखलं की ही चोरीची जोडणी आहे. पासवर्ड विसरू नये म्हणून मी तो पुठ्ठ्यावर ठळक लिहून डबीला चिकटवला होता, आणि डबी खिडकीत बाहेर तोंड करून ठेवली होती. खालीच शिंप्याचं दुकान. सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाची नजर कशी असते, तुला सांगायला नको. मी खाली जाऊन त्याला चार शब्द सुनावले. त्याने शांतपणे खिशातून फोन काढून दाखवला, तो बटणांचा निघाला! नाक मुठीत धरून वर आलो आणि कमी-जास्त करण्याची काही गरज नसलेल्या दोन पँटी त्याच्याकडे कमी-जास्त करायला टाकल्या. (दोन्ही आता कमीच झाल्या आहेत.) खरा चोर घरातच होता. माझाच फोन मला न विचारता सगळी ॲपं नवी करून घेत होता आणि माझे सगळे फोटो कुठेतरी वर पाठवत होता. दुकानातल्या बाईंनी एक खूण बदलून दिली. म्हणाल्या, “आता फोनला कळेल की हे नेट मीटरवरचं आहे, जपून वापरायचं.” मीटर हा शब्द ऐकून मला भरून आलं.

मग चित्र अडकायला लागलं. फोनवर त्या पंख्यासारख्या रेघा तर पूर्ण भरलेल्या! दोन दिवस मी फोनलाच दोष देत होतो. मग कळलं की त्या रेघा फोनपासून डबीपर्यंतच्या रस्त्याच्या. डबीपासून टॉवरपर्यंतचा रस्ता वेगळा, त्याचा दिवा डबीवर असतो, आणि तो लाल होता. नळ घरात कितीही चकचकीत असो, टाकीकडून पाणी यायला हवं ना. डबी घेऊन मी घरभर फिरलो. कपाटावर लाल, स्वयंपाकघरात लाल, न्हाणीघराच्या झरोक्यात मात्र हिरवा. तेव्हापासून ती तिथे दात घासायच्या ब्रशांशेजारी राहते, आणि आम्ही दोघं तिच्यासमोर अंघोळ करताना जरा अवघडतो.

तर गेल्या महिन्यातला एक रविवार. चित्र इतकं स्वच्छ की लेकीच्या मागच्या भिंतीवरचा ओरखडा दिसत होता. बोलता बोलता तिचा आवाज गेला. मी उठलो, न्हाणीघरात गेलो, दिवा पाहिला, हिरवाच होता. डबी दोनदा हलवली. (का, ते विचारू नकोस.) परत आलो तर ही पडद्याकडे एकटक बघत होती. लेकीने आवाज स्वतःच बंद केला होता आणि मान वळवून शेजारी बसलेल्या जावयाशी काही बोलत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं. ही अगदी हळू म्हणाली, “कसला रिपोर्ट?”

लेक जागच्या जागी थांबली. तिने बटण दाबलं, आवाज आला. “आई, तुला कसं…”

“‘डाव्या कानाचं त्यांना इतक्यात नको सांगायला, रिपोर्ट येऊ दे.’ असंच म्हणालीस ना त्याला?”

मग सगळं बाहेर आलं. चार महिन्यांपासून तिच्या डाव्या कानात गुणगुण आहे. ऑफिसात त्या बाजूने कुणी हाक मारली तर तिला कळत नाही. एकदा लोकांनी तिला शिष्ट ठरवलं. डॉक्टरांना वाटतं की आईचंच लेकीकडे आलं आहे. सांगितलं का नाहीस, विचारलं तर म्हणाली, “आईला वाटलं असतं, तिच्यामुळे झालं.”

मी सवयीने डबी बघायला अर्धा उठलो. पण दिवा, चित्र, आवाज सगळं चालू होतं, आम्ही तिघंच बंद पडलो होतो. मग हिने डोळे पुसले आणि म्हणाली, “आवाज परत बंद कर.” लेक गोंधळली. “तुझ्याकडे माझा आवाज येतो ना, तो घालव. आणि मी काय म्हणते ते सांग.” हिने नुसते ओठ हलवले. लेकीने वाचलं, “मामा जेवले?” तिला मामा आहे कुठे! ही हसली आणि लिहून दाखवलं, ‘बाबा’. प, ब आणि म ओठांवर एकसारखेच दिसतात, हे मला या वयात कळलं. पुढे हिने जे लिहिलं ते मी माझ्या डायरीत उतरवून ठेवलं आहे: ‘ओठ अर्धंच सांगतात. उरलेलं माणूस ओळखून भरायचं.’

रिपोर्ट आला. डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला. यंत्र मिळेल, पण हळूहळू शब्द बघायला शिकावं लागेल. आता रोज साडेचारला दोघींचा तासभर वर्ग असतो, दोन्हीकडे आवाज बंद ठेवून. मी शेजारी बसतो. मला काहीच कळत नाही, मी आपला वाटा किती उरला तो आकडा टिपतो. आवाज घरात यावा म्हणून मी एवढा खटाटोप केला, अक्का, आणि आवाज बंद केल्यावर या घरात जितकं बोलणं होतं तितकं आजवर झालं नव्हतं. काल चित्र मध्येच अडकलं. लेकीचं तोंड अर्धवट उघडं, एक भुवई वर. मी म्हटलं, डबी बंद करून चालू करू का? ही म्हणाली, “राहू द्या जरा. लहानपणापासून कधी अशी स्थिर बसली होती का ती?” आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो.

असो. मोठ्यांना नमस्कार म्हणावा असं आता तुझ्याहून मोठं कुणी उरलेलं नाही, तेव्हा तो नमस्कारही तूच घे.

तुझा
धाकटा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. लेकीला आईचे ओठ आता वाचता येतात, पण दुसऱ्यांचे येत नाहीत. प्रत्येक तोंडाची धाटणी वेगळी, म्हणून वेगवेगळी तोंडं हवीत. जावई मिशीतल्या मिशीत बोलतो. माझं तोंड म्हणे पुरेसं उघडतच नाही. आपल्या घराण्यात स्पष्ट, मोठं आणि न थांबता चालणारं तोंड एकच आहे. (हे मी आदराने लिहितो आहे.) तेव्हा तुझाही तो बटणांचा फोन आता निवृत्त कर आणि पडद्याचा घे, डबी मी पाठवतो. रोज अर्धा तास भाचीसमोर बसून बोल. विषयाचं बंधन नाही, आणि ती तुला मध्येच तोडणार नाही.

ता. क. २. डबीबद्दलचा मजकूर दुकानातल्या बाईंना वाचून दाखवला. त्यांच्या मते त्यातला अर्धा बरोबर आहे. कुठला अर्धा, ते सांगायच्या आत गिऱ्हाईक आलं.

(खालच्या ओळी हिच्या हातच्या.)

वन्सं, नमस्कार. ह्यांनी एक गोष्ट लिहिली नाही. तिच्याशी बोलताना मुद्दाम हळू बोलू नका. लोक दया आली की हळू बोलतात, आणि मग त्यांचे ओठ खोटे पडतात, काही वाचता येत नाही. तुम्ही माझ्याशी कधीच हळू बोलला नाहीत. तिच्याशीही तशाच बोला.