इडेलाच्या ओसरीतली पाखरं

प्रिय इडेला,

माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. शाळेत टिकले असते तर कोळंबी सोलत बसले नसते. तुझं खुब्याचं हाड जुळलं म्हणून तुझा लेक ड्वेन सांगत होता. बरं झालं. आता त्याच्या घरी बसून सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवत असशील.

घर विकायची पाटी अजून तुझ्या अंगणात आहे. उन्हाळाभर कुत्रंसुद्धा बघायला आलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मी मनातून खूश होते. मग उत्तरेचा पहिला गार वारा सुटला आणि तुझी हमिंगबर्ड पाखरं आली. माझ्याकडे नाही, तुझ्याच ओसरीत. साखरपाण्याची बाटली टांगायचा आकडा रिकामा, तरी त्याच्यासमोर हवेत थांबून राहायची, जशी काही तू आत साखर ढवळतेयस.

आमच्याकडे पहिल्यापासून म्हणतात, सप्टेंबरातली कामगार दिनाची सुट्टी झाली की बाटल्या उतरवा, नाहीतर पाखरं खायला सोकावतात आणि थंडीत इथंच मरतात. त्यावरून तू मला किती हिणवलंस. म्हणायचीस, दक्षिणेला जाताना एवढं आखात ओलांडायचंय त्यांना, उपाशी धाडतेस होय? मी कसली ऐकतेय. पण या खेपेला बघवेना. कुंपण ओलांडून गेले, तुझ्या बाटल्या धुतल्या. एक कप साखरेला चार कप पाणी, रंगाचा थेंब नाही. चार-आठ दिवसांत होडीमागे समुद्रपक्षी लागावेत तशी झुंबड. त्यात एक नर, अंगठ्याएवढा, पण सगळ्या बाटल्या आपल्याच बापाच्या समजून बाकीच्यांना हाकलायचा. तुझा नवरा वाल्डो, देव त्याचं भलं करो, अगदी तसाच होता.

नेमकी तेव्हाच गिऱ्हाईकं आली, सॅन अँटोनियोची नवरा-बायको. छत गळतं, पायऱ्या कुजल्यात, वादळात पाणी जोत्याला लागतं, सगळं मी न विचारता सांगितलं. बाईचं लक्ष कुठे? तिच्या लाल टोपीपाशी एक पाखरू येऊन थांबलं होतं. ती नवऱ्याला म्हणाली, "हेच घेऊया आपण." म्हणजे पदरची साखर घालून मीच तुझं घर विकलं. गाढव नुसती.

वारा फिरला तशी पाखरं गेली. पोटं सुटलेली, तरी एकही मागे राहिलं नाही. जिंकलीस बाई तू.

आता मुद्द्याचं. ड्वेन म्हणतो, तू कागदांवर सही करत नाहीस, मी तुला समजवावं. तर समजावते. सही कर. ते घर आता तुला झेपायचं नाही. पण म्हणून लेकाकडच्या त्या बर्फात कुढत बसायचं कारण नाही. माझी मागची खोली मी रिकामी केलीय. न्हाणीत धरायला दांडी बसवलीय, वाटेत पायरी एकही नाही. ड्वेनशी बोलणं झालंय, तो आणून सोडेल. भिंती पिवळ्या रंगवल्यात. आवडल्या नाहीत तर तोंड मिटून ठेव, पण ये.

तुझीच,
व्हर्ना