चौदाव्या प्रश्नापुढची जागा

हसनाबाद,
१० फेब्रुवारी २०२५

ती. सौ. शालूवहिनीस,
आकांक्षाचा सा. न. वि. वि.

फोनची रिंग वाजली की हरिओम कान दाबून पलंगाखाली शिरतो आणि तासभर बाहेर येत नाही, म्हणून आपण पत्रंच लिहायची, हे तुम्ही ठरवलंत. मला ते आवडलं. पोस्टमन तातेराव मात्र प्रत्येक पाकीट देताना आईला विचारतात, की पोरीला नोकरीचा कॉल आला का. घरातली पहिली पदवी माझी. त्यामुळे माझ्या नावाचं पाकीट म्हणजे नोकरीच, असं त्यांचं पक्कं आहे.

दादाला जालन्याच्या बियाणे कंपनीत काम मिळालं आणि पाडव्यानंतर तुम्ही तिघं इकडे येणार, हे कळल्यापासून मी शाळा शोधतेय. सापडली! जालन्यात एक खासगी शाळा आहे. बाहेर फलकच आहे, ‘स्वमग्न मुलांसाठी स्वतंत्र वर्ग’. मुख्याध्यापिकांनी दहा मिनिटांत हो म्हटलं. हरिओम सहा वर्षांचा झाला तरी बोलत नाही, हे सांगितलं, तरी त्यांनी पुढं काहीच विचारलं नाही. उलट पेढा दिला. त्यांची व्हॅन हसनाबादपर्यंत येते. शिक्षण हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, हे मी परीक्षेत कितीदा लिहिलं. त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं.

आबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, की बैल घेतानासुद्धा माणूस दात बघतो. तुम्ही त्यांचं मनावर घेऊ नका.

तुमचा लोभ आहेच. हरिओमच्या वाट्याचा थोडा माझ्याकडेही वळवावा.

तुमची,
आकांक्षा

—

चाकण,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षा हिस,
अ. उ. आशीर्वाद.

आबांचं मी मनावर घेतलंय. तूही घे.

इथल्या शाळेनंही दहा मिनिटांतच हो म्हटलं होतं. रोज डबा देऊन सोडायची, रोज आणायची. वही भरलेली, हजेरी पूर्ण. सहा महिन्यांनी एकदा छत्री विसरली म्हणून दुपारी गेले, तर हरिओम ऑफिसमागच्या सामानाच्या खोलीत शिपाईमामांचा मोबाइल बघत बसलेला. वर्गातल्या मुलांना त्याचं नावही माहीत नव्हतं. वही बाईंनी भरली होती. तुझ्या दादाला वाटतं, मी आता सगळ्यांवरच संशय घेते. घेते. माझं पोर घरी येऊन चुगली करू शकत नाही, म्हणून त्याच्या वाट्याचा संशय मलाच घ्यावा लागतो.

तेव्हा न सांगता जा, मधल्या सुट्टीनंतर जा. फलक बघू नको, मुलांची बसायची जागा बघ. वह्या उघड आणि अक्षर कोणाचं आहे ते बघ. पेढा खाऊ नको.

आबा-आईंना नमस्कार. माझा राग आला तरी माया आटू देऊ नको.

शालूवहिनी

—

हसनाबाद,
२६ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

राग कशाचा? मला माझीच लाज वाटली. काल न सांगता गेले. स्वतंत्र वर्गात पाच मुलं टीव्हीसमोर बसली होती, बाई दारात उन्हाला उभ्या. पाचही वह्यांत एकच अक्षर, वळणदार. हजेरीपट उघडाच होता. काल तारीख पंचवीस, पण अठ्ठावीसपर्यंत सगळे हजर! पेढ्याची चव अजून तोंडात आहे, म्हणून आणखी कसंतरी होतं.

मग आपल्या मळ्याच्या वस्तीवरच्या सरकारी शाळेत गेले. एकतीस मुलं, दोन शिक्षक. मोठे तन्वीर सर. त्यांनी बसायला सांगितलं, चहा नाही, पेढा नाही. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. जल्दी काय आहे, जूनला वेळ आहे, म्हणाले, आणि कागदावर चौदा प्रश्न लिहून दिले. कोणत्या आवाजाला घाबरतो? पाण्याकडे धावतो का? तहान कशी सांगतो? दुसऱ्याच्या हातचं खातो का? असेच चौदा. सोबत पाठवते.

वहिनी, मला हे प्रवेश टाळायचे प्रश्न वाटतात. तुमच्याकडून दोष लिहून घ्यायचे आणि मग म्हणायचं, की असलं मूल आम्हाला झेपत नाही. नोकरीच्या अर्जाला मलाही असेच ‘कळवतो’ म्हणतात. तुम्ही ठरवा.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
आकांक्षा

—

चाकण,
६ मार्च २०२५

चि. आकांक्षा हिस,
अ. उ. आशीर्वाद.

संशय मलाही तोच आला. तरी उत्तरं पाठवते, खरी. चाकणच्या फॉर्मवर मी ‘काही त्रास नाही’ असं खोटं लिहिलं होतं. पहिल्याच घंटेला तो वर्गातून पळाला आणि त्याला खोलीत ठेवायला त्यांना कारण मिळालं. त्यांची चूक आहेच. थोडी माझीही आहे. मागच्या शाळेनं हो म्हणून कसं फसवलं, तेही कागदाच्या पाठीमागं लिहिलंय. सरांनाही कळू दे, की आम्ही पोळलेलो आहोत.

चौदाव्या प्रश्नापुढची जागा कोरी ठेवली आहे. घाबरला तर आईशिवाय कोणाकडे जातो, असा तो प्रश्न आहे. त्याबद्दल तू मला विचारू नको.

कागद सरांच्या हातात दे, आणि डोळा ठेव. आहेस तशीच आमची राहा.

शालूवहिनी

—

हसनाबाद,
२२ मार्च २०२५

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचा कागद अकरा तारखेलाच दिला. सरांनी तो माझ्यासमोर वाचलासुद्धा नाही, घडी करून खिशात टाकला. तेव्हापासून मी रोज काहीतरी निमित्त काढून शाळेवरून जाते. जे दिसलं ते लिहिते.

लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, शाळेचा टोल, गायब आहे. भंगारात गेला असणार. शाळेमागच्या विहिरीच्या वाटेवर कोणीतरी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचून ठेवल्या आहेत. सरकारी आवारात खुशाल सरपण! आणि तास कधी संपतो, कधी सुरू होतो, पत्ता नाही. एक मुलगी लाल ओढणी हलवत व्हरांड्यातून पळते आणि सर खुर्चीत बसून ही गंमत बघतात. प्रवेशाचं विचारलं, तर अजून बघून राह्यलोय, एवढंच बोलले.

मी गप्प बसले नाही. भोकरदनच्या शिक्षण कार्यालयात अर्ज दिला, मुद्देसूद, दोन पानी. आबा म्हणाले, की मास्तरच्या पोटावर उठायच्या आधी एकदा त्याला तोंडावर विचारायचं होतं. मी म्हटलं, तोंडावर सगळेच गोड बोलतात.

शाबासकी द्याल ना? लोभ त्यासोबतच येऊ द्या.

आकांक्षा

—

हसनाबाद,
४ एप्रिल २०२५

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय.

काल केंद्रप्रमुख शाळेत आले. मलाही बोलावलं. त्यांनी माझा अर्ज सगळ्यांसमोर वाचला आणि टोल कुठं आहे विचारलं. तन्वीर सरांनी कपाट उघडलं. टोल पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता. त्याच्यावर तुमचा कागद. तुम्ही लिहिलं होतं, घंटेला घाबरतो. पुढं सरांची लाल खूण. पाण्याकडे धावतो, खूण. त्या पऱ्हाट्या सरांनी स्वतः डोक्यावर आणून विहिरीची वाट बंद केली होती. आणि लाल ओढणी म्हणजे घंटा, वहिनी! ओढणी दिसली की मुलं आपोआप वर्ग बदलतात. तीन आठवडे सर ते मुलांना शिकवत होते. तेरा उत्तरं, तेरा खुणा.

मला आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. सर म्हणाले, की मागच्यांनी जल्दी हो म्हणूनच फसवलं, हे त्या माऊलीनं लिहिलंय. मंग मी करून बघितल्याशिवाय हो कसं म्हणू? मुलांना जमलं नसतं, तर न्हाई म्हणणार होतो.

मी अर्ज मागं घेतला, माफी मागितली. त्यावर सर म्हणाले, की अर्ज बराबर लिहिलाय, काहीच न बघता पोर शाळेत सोडणाऱ्यांपेक्षा असं माणूस पोराच्या मागं पाहिजे. मला त्यांनी रागवायला हवं होतं.

प्रवेशाला सर हो म्हणाले आहेत. चौदावा प्रश्न तेवढा कोरा का, असं विचारत होते.

आता लोभ मागायचं धाडस नाही; तुम्हीच काय तो समजून ठेवावा.

आकांक्षा

—

चाकण,
११ एप्रिल २०२५

चि. आकांक्षा हिस,
अ. उ. आशीर्वाद.

रडू नको. संशय घ्यायला मीच तुला शिकवलं, म्हणजे निम्मी चूक माझी.

सामान बांधून झालंय, वीस तारखेला निघतो. माझा संशय गेलेला नाही, हेही सरांना सांग. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिला महिना मी शाळेच्या आवारात बसणार. पहिल्या दिवशी दारापाशी, मग रोज हातभर लांब, लिंबापर्यंत.

चौदावा प्रश्न विसरून सोडला नव्हता. आईशिवाय कोणाकडे जातो, याचं उत्तर ‘कोणाकडेच नाही’ असं होतं. ते लिहायला हात वळला नाही. ती जागा सरांनी तशीच ठेवावी. दिवाळीपर्यंत भरायला काही सापडलं, तर त्यांनीच भरावं, आणि मला फोन न करता पत्रानं कळवावं.

हरिओमवर तुझी माया असू दे, आणि त्याच्या शाळेवर तुझा डोळाही.

शालूवहिनी