कपाशीतली चवळी

माय, तू गेल्याला बरीच वर्षं झाली, आणि आपल्या दर्यापूरच्या वावरात कपाशीच्या दर दहा तासांमागे, म्हणजे ओळींमागे, एक तास चवळीचं मी अजून पेरते. यंदाही मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, आधी चवळीवरच आला, काळाकुट्ट. ढालकिडे, ते मावा खाणारे लाल ठिपकेदार किडे, त्याच्यावर पोसले, वाढले, आणि कपाशीला मावा लागला तेव्हा तिकडे सरकले. पोळा झाला तरी मी फवारणीचा पंप बाहेर काढलेला नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या तुला हे कोणी शिकवलं होतं, देव जाणे! "आधी पानाच्या मांगं पाह्य, मंग दुकानात जाय," म्हणायचीस.

आणि मी! अकोल्याहून शेतीची पदविका घेऊन आलेली दीडशहाणी. तू दोन दिवस अचलपूरला माहेरी गेलीस, तेवढ्यात मी मावा लागलेली चवळी मुळासकट उपटून वावराच्या कडेला धुऱ्यावर जाळली आणि कपाशीवर जहाल औषध मारलं. पानांवर काळ्या, काटेरी अळ्या फिरत होत्या. ढालकिड्याचीच पिल्लं ती, मी त्यांना कीड समजले. तू आलीस आणि राख पाहिलीस. "काहून उपटली वं? त्याच्यावरच तर आपले राखणदार पोसून राह्यले होते!"

पुढे कपाशीवर मावा असा चढला की पानं चिकट होऊन वळली. बाबा भडकले, "चवळी कोनं उपटली?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "म्या उपटली. चुकलं माह्यं." वर्षभर त्यांचे टोमणे ऐकलेस. मला एवढंच म्हणालीस, "पोरीच्या शिक्षणाले कोनं नाव नाही ठेवलं पाह्यजे." काय बाई होतीस तू, माय! मला तर अजून साधा टोमणा सोसत नाही.

काल गावातल्या दहाबारा जणी आपलं वावर पाहायला आल्या. बाबाही काठी टेकत आले होते. एकीनं विचारलं, "ताई, हे चवळीचं कोनापासून शिकल्या तुमी?" बाबा माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघत होते, की मी म्हटलं, "कॉलेजात."

हा कागद खरं तर बाबांना वाचून दाखवायला पाहिजे. ते बाहेर ओसरीवरच बसलेत. मी घडी घालून कपाटात ठेवते आहे.