समोरचे दोन दात

२२ एप्रिल
चार दिवसांनी वही उघडली. शनिवारी सकाळच्या फेरीला जिप्सी उतारावर होती. मी गाईड, पर्यटकांशी बोलून नुकतीच पुढे वळलेली, उभीच. चितळाचं पिल्लू आडवं आलं, दिवाकरभाऊनं कचकन ब्रेक दाबला, समोरचा लोखंडी दांडा माझ्या तोंडावर. वरचे समोरचे दोन दात गेले. एक हातात आला, दुसरा सापडलाच नाही.
पिल्लू वाचलं.

२५ एप्रिल
आरसा पाहिला. नको.

९ मे
चंद्रपूर. दातांच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, जखम भरू द्या, मग हाडात स्क्रू बसवू, त्यावर पक्के दात. तोवर काढ-घाल करायची प्लेट.
म्हणायचं होतं, मॅडम, मी बोलून पोट भरते. पण शब्द फुसकत होते, त्यांना तीनदा "काय?" विचारावं लागलं.

१८ मे
प्लेट लावून ड्युटी. 'अस्वल' म्हणताना सटकली, मांडीवर. पुण्याच्या एका बाईंनी पाहिलं नि लगेच झाडाकडे मान वळवली. भल्या होत्या. मग फेरीभर नुसतं बोटानं दाखवलं.
दिवाकरभाऊ माझ्या गाडीवर येतच नाही. दुसऱ्या ड्रायव्हरशी नंबर बदलून घेतो. गेटवर गाठलं.
"भाऊ, काऊन टाळून राह्यले मले?"
"नाई बाई, टाळत नाई." खाली पाहत गेला.

२ जुलै
पावसाळ्यासाठी जंगल बंद, म्हणून आजच. स्क्रू बसले. बधिर केलं होतं, दुखलं नाही, पण घरघर थेट डोक्यात. आमचे हे बाहेर घामाघूम. "तुह्यापेक्षा मीच जास्त भेलो."
मॅडमना विचारलं, हाड स्क्रूला धरेल ना?
"बहुतेकदा धरतं."
बहुतेकदा!

६ जुलै
सूज. गुरगुट्या भात, वरण, पुन्हा गुरगुट्या भात.

११ ऑगस्ट
एक्स-रे. डावा छान. उजव्याकडे हाड पातळ, थांबून बघू म्हणाल्या. येताना बसमध्ये जिभेनं उजवीकडची हिरडी चाचपत राहिले.

९ ऑक्टोबर
दोन्ही धरले! मॅडमनी स्क्रूवर टकटक करून पाहिलं, आवाज चांगला आहे म्हणाल्या. माप घेतलं. बाहेर येऊन पायरीवरच बसले.

२१ ऑक्टोबर
दात बसले. समोरच्या दातांनी पेरू, ऊस तोडायचा नाही. बरं, नाही तोडत.
परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून म्हणत होते: सांबर, अस्वल, सुतारपक्षी, स्वर्गीय नर्तक. सगळे नीट.
शेजारचे आजोबा: "कोनाशी बोलून राह्यल्या बाई?"
"जनावरांशी," म्हटलं. त्यांनी पिशवी उचलून थोडी जागा केली.

२४ ऑक्टोबर
पहिली फेरी. गाडीवर दिवाकरभाऊ. बदलायला आज कोणी मोकळं नव्हतं.
"दुखत नाई ना बाई?"
"नाई भाऊ. तुमच्यापेक्षा पक्के हायेत."
हसला नाही.
पर्यटकांना सगळं सांगितलं, कोणी "काय?" म्हणून परत विचारलं नाही. पण त्या उताराच्या तोंडाशी त्यानं गाडी थांबवली, इंजिन बंद. मागून कुजबुज, "वाघ? वाघ?"
तो हळूच म्हणाला, "दोन मिनिटं द्या मले."
स्टिअरिंग सोडून त्यानं पाण्याची बाटली काढली. मी मागे वळले. ऐनाचं झाड दाखवलं, त्याच्या सालीबद्दल माहीत होतं तेवढं सगळं बोलले. तो पाणी प्याला. मग गाडी सोडली, बैलगाडीच्या चालीनं.
मॅडमनी उजव्याचा एक्स-रे जानेवारीत पुन्हा सांगितलाय.
गेटवर उतरताना म्हटलं, "उद्या पण आपलीच पाळी, भाऊ. बदलू नका."
"पाहू," म्हणाला.